‘त्रास झाल्यास या’ एवढ्यावर आमची बोळवण करू नका

प्रति,
आमच्या विभागातील शासकीय रुग्णालयाचे अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक आणि आरोग्य योजनांची आखणी करणारे सर्व संबंधित अधिकारी यांस,

विषय : अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांवर उपचार झालेल्या रुग्णांची फेरतपासणी बंद केल्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यातील दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता मी आणि माझे पती आपल्या रुग्णालयातील एंडोस्कोपी कक्षासमोर पोहोचलो, तेव्हा बंद दारावर एक कागद चिकटवलेला होता. निळ्या पेनाने लिहिलेला तो मजकूर मी माझ्या वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला : ‘फक्त रक्तस्राव असलेल्या रुग्णांचीच एंडोस्कोपी होईल. फेरतपासणीच्या रुग्णांनी पुढील सूचनेपर्यंत येऊ नये. त्रास झाल्यास अपघात विभागात यावे.’ खाली शिक्का होता, तारीख नव्हती. आम्ही पहाटे पावणेचारच्या एसटीने 140 किलोमीटरचा प्रवास करून आलो होतो आणि आदल्या रात्रीपासून ह्यांच्या पोटात पाण्याचा थेंबही नव्हता, कारण दुर्बिणीच्या तपासणीला उपाशीपोटी यावे लागते. आमच्यासारखी आणखी दहा-अकरा माणसे तिथे होती. कोणी तो कागद स्वतः वाचला, कोणी शेजाऱ्याकडून वाचून घेतला. वॉर्डातील मामांनी ‘आता घरी जा, मशीन एकच आहे’ असे समजुतीच्या सुरात सांगितले आणि माणसे एकेक करून जिना उतरली.

त्याच दिवशी मी आवक विभागात लेखी अर्ज दिला. शिक्का मारलेली प्रत माझ्याजवळ आहे. तीन आठवडे उलटून गेले तरी त्याचे उत्तर आले नाही, आणि त्या दारावरून परत गेलेल्यांपैकी बहुतेकांना अर्ज लिहिणे जमणारे नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. वैद्यकीय शिक्षण माझे नाही. या आजाराबद्दल मला जे काही कळते ते सात वर्षे रुग्णालयांच्या बाकांवर बसून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून आणि वाचून कळलेले आहे, आणि ते कळण्यासाठी आमच्या घराने मोठी किंमत दिली आहे.

ज्यांच्या घरी हा आजार नाही त्यांच्यासाठी आधी तो थोडक्यात सांगते. पोट, आतडी आणि प्लीहा, जिला आमच्याकडे पाणथरी म्हणतात, यांच्याकडून गोळा होणारे रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जाते. यकृत आक्रसून घट्ट झाले, म्हणजे सिरॉसिस झाला, की त्या रक्ताला आत वाट मिळत नाही आणि मागे दाब वाढत जातो. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांतील दाबाचा फरक निरोगी माणसात पाऱ्याच्या 5 मिलिमीटरपर्यंत असतो. तो 10 वर गेला की शिरा फुगू लागतात आणि 12 च्या वर गेला की फुटण्याचा धोका उभा राहतो. तुंबलेले रक्त ज्या आडवाटा शोधते त्यांतली सर्वांत घातक वाट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या पातळ शिरांची असते. त्या फुगतात, पण दुखत नाहीत. माणूस जेवतो, शेतात जातो, झोपतो, आणि एके दिवशी त्याला रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौच होते.

यावरचा उपचार म्हणजे बँडिंग. दुर्बिणीतून फुगलेल्या शिरेवर रबराचे छोटे कडे चढवतात, शीर आवळली जाते, काही दिवसांनी कडे गळून पडते आणि तिथे व्रण होऊन तो भरून येतो. पण आमच्यासारख्या शेतकरी घरात हे समजावून सांगायचे तर चारीचेच उदाहरण द्यावे लागते. चारीचे तोंड गाळाने बुजले की पाणी बांध फोडून शेजारच्या वावरात शिरते. फुटलेला बांध लिंपावाच लागतो, पण वरून येणारे पाणी कमी केले नाही आणि चारी मोकळी केली नाही, तर तो बांध आज ना उद्या पुन्हा फुटणारच. बँड लावणे हे बांध लिंपणे आहे. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांसारखी गोळी वरचे पाणी कमी करते. ज्या कारणाने यकृत खराब झाले त्या कारणावरचा उपचार, मग ते हिपॅटायटिस बी असो, सी असो, दारू असो की चरबी, हा चारी मोकळी करण्याचा प्रयत्न आहे. आपले रुग्णालय यांतले पहिले काम उत्तम करते. पुढच्या दोन कामांत आणि लिंपलेला बांध अधूनमधून पाहून येण्यात काय घडते, त्याबद्दल हे पत्र आहे.

माझ्या पतींना 2018 च्या जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, पहिली रक्ताची उलटी झाली. ते कधीही दारू प्यायलेले नाहीत. तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. आपल्याच रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरांनी त्या रात्री बँड लावून रक्तस्राव थांबवला, आणि त्याहूनही मोठे काम त्यांनी घरी सोडण्याच्या दिवशी केले. त्यांनी मला समोर बसवले, कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत पाच तारखा लिहून दिल्या आणि म्हणाले, ‘बाई, तुम्ही शिक्षिका आहात ना, मग ह्यांची हजेरी तुम्ही घ्यायची. एकही खाडा नको.’ त्या तारखांप्रमाणे साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा बँडिंग झाले आणि पाचव्या वेळी शिरा बसलेल्या दिसल्या. मग तीन महिन्यांनी एकदा, आणि पुढे सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंतच्या अंतराने दुर्बीण होत राहिली. सोबत प्रोप्रॅनोलॉल आणि हिपॅटायटिसवरील टेनोफोविरची रोज एक गोळी सुरू राहिली. शिरा बसल्यानंतरच्या दुसऱ्या फेरतपासणीत, काहीही त्रास नसताना, दोन शिरा पुन्हा फुगलेल्या सापडल्या. ज्या दिवशी त्या सापडल्या त्याच्या आदल्या सकाळी ह्यांनी गोठा झाडून दोन म्हशींची धार काढली होती. त्याच बैठकीत दोन बँड लागले आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही घरी आलो. 2018 नंतर आजपर्यंत ह्यांना एकदाही रक्तस्राव झालेला नाही.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहत असत. त्यांनाही तोच विषाणू होता. पुढे सासूबाईंच्या रक्तातही तो निघाला, तेव्हा दोन्ही मुलांना तो जन्मतःच मिळाला असावा असे डॉक्टर म्हणाले. दीरांना 2021 च्या नोव्हेंबरमध्ये रक्ताची उलटी झाली आणि तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात सहा बँड लावून त्यांचा जीव वाचवला गेला. चौथ्या दिवशी त्यांना घरी सोडले. त्यांचे डिस्चार्ज कार्ड आजही माझ्या कपाटात आहे. त्यावर 15 दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या आहेत आणि सर्वांत खाली, इंग्रजीत, ‘फॉलोअप एसओएस’ असे लिहिलेले आहे. त्याचा अर्थ आम्ही विचारून घेतला : त्रास झाल्यास या. ह्यांनी त्यांना फोनवर किती वेळा सांगितले असेल की तारीख घे, पुन्हा बँड लावून घे. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे : ‘दादा, मला काही त्रास नाही, आणि डॉक्टरांनीच लिहिलंय ना, त्रास झाला तर या म्हणून.’ गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या गेल्या नाहीत. 2022 च्या सप्टेंबरमध्ये ते गौरी-गणपतीला गावी आले आणि गौरी विसर्जनाच्या रात्री न्हाणीघरात कोसळले. मी कंदील घेऊन आत गेले तेव्हा त्या पांढऱ्या फरशीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी रक्ताची पिशवी मिळाली नाही आणि जिल्ह्याकडे नेताना वाटेत ते गेले. त्यांचे वय 44 होते.

एका घरातील दोन भावांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. दीरांचे यकृत ह्यांच्यापेक्षा अधिक खराब असेल, तारखा पाळूनही ते वाचले नसते, असेही कोणी म्हणू शकेल. म्हणून आमच्या घराबाहेर जे सिद्ध झालेले आहे तेही मांडते. सिरॉसिसमध्ये अशा शिरा एकदा फुटल्या, तर सगळे उपचार मिळूनही दर 100 रुग्णांपैकी 15 ते 20 जण पहिल्या सहा आठवड्यांत दगावतात. जे वाचतात, त्यांना पुढे प्रतिबंधक उपचार मिळाला नाही तर 100 पैकी सुमारे 60 जणांना एक ते दोन वर्षांत पुन्हा रक्तस्राव होतो. म्हणूनच बँडिंग दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने शिरा नाहीशा होईपर्यंत करावे, सोबत गोळी चालू ठेवावी, नंतर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे सहा ते बारा महिन्यांनी दुर्बीण करावी, असा वैद्यकाचा सर्वमान्य प्रघात आहे. नाहीशा झालेल्या शिरा पुष्कळांच्या बाबतीत परत येतात, हे त्यामागचे कारण आहे. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील डॉ. शिवकुमार सरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांच्या शिरा मोठ्या होत्या पण अद्याप फुटल्या नव्हत्या, अशा रुग्णांचा अभ्यास 1999 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. 18 महिन्यांत रक्तस्राव होण्याचे प्रमाण नुसत्या प्रोप्रॅनोलॉलवर 43 टक्के, तर बँडिंगनंतर 15 टक्के होते. त्या अभ्यासातील बँडिंग एकदाच करून रुग्णाला सोडून दिलेले नव्हते, शिरा नाहीशा होईपर्यंत आठवड्याआठवड्याने ते केलेले होते. हे आपल्याच देशात, सरकारी रुग्णालयात झालेले काम आहे.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार अर्थातच दारावरच्या त्या कागदाची आहे. यंत्र एकच आहे, दुर्बीण दुरुस्तीला गेली की महिनोन्‌महिने परत येत नाही, हा विषय जाणणारे डॉक्टर एकच आहेत आणि त्यांची बदली झाली की कक्षाला कुलूप लागते, हे सर्व मी पाहिलेले आहे. अशा वेळी रक्त ओकणाऱ्या माणसाला आधी घ्यावे, याबद्दल कोणाचेच दुमत असणार नाही. त्याच्यासाठी आम्ही बाकावर संध्याकाळपर्यंत थांबू, आणि याआधी थांबलोही आहोत. पण ‘येऊच नये’ हा निर्णय वेगळा आहे. आज परत पाठवलेला फेरतपासणीचा रुग्ण हाच काही महिन्यांनी रक्तस्रावाचा रुग्ण म्हणून आपल्याकडे येतो, आणि तेव्हा त्याला अतिदक्षता विभागातील खाट लागते, रक्ताच्या पिशव्या लागतात, रक्तस्राव आटोक्यात आणणारी टर्लिप्रेसिनची महागडी इंजेक्शने लागतात, आणि मध्यरात्री तेच एकमेव यंत्र व तेच एकमेव डॉक्टर लागतात. माझ्या पतींच्या शिरा परत आलेल्या सापडल्या त्या दिवशी सगळे काम वीस मिनिटांत उरकले होते. यंत्रावरचा ताण कमी करण्यासाठी घेतलेल्या या निर्णयाने त्या यंत्रावरचा ताण वाढणार आहे.

दुसरी तक्रार त्या कार्डाची. ‘एसओएस’ हा शब्द सर्दी-तापाच्या कागदावर ठीक आहे. ज्या आजारात पहिला त्रास हाच शेवटचा ठरू शकतो, त्या आजाराच्या कागदावर तो लिहिणे म्हणजे रुग्णाला धोक्याची वाट पाहत घरी बसायला सांगणे आहे. बँड गळून पडल्यावर तिथे व्रण राहतो आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्या व्रणातूनही रक्त येऊ शकते, हेही कार्डावर कुठे लिहिलेले नसते. पहिल्या बँडिंगनंतरच्या रात्री ह्यांना छातीत घास अडकल्यासारखे वाटत होते, आणि ही नेहमीची गोष्ट आहे की धावपळ करण्यासारखी, हे सांगणारे कोणीच नव्हते. मी रात्रभर पेज कोमट करत आणि ह्यांचा श्वास ऐकत बसले होते. चार ओळी मराठीत लिहिलेल्या असत्या तर ती रात्र तशी गेली नसती.

तिसरी तक्रार गोळ्यांची आहे. प्रोप्रॅनोलॉल हे जुने, स्वस्त आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषध आहे. फ्रान्समधील डॉ. दिदिए लेब्रेक यांनी या आजारात त्याचा उपयोग दाखवून दिला त्याला 40 वर्षांहून अधिक काळ लोटला. दम्याच्या रुग्णांना ते देता येत नाही, रक्तदाब फार खाली गेला तर कमी किंवा बंद करावे लागते, आणि एरवी नाडी मिनिटाला 55 ते 60 च्या आसपास येईल अशा बेताने त्याचे प्रमाण ठरवतात. म्हणजे त्यावर लक्ष ठेवण्यासाठी मनगट, घड्याळ आणि रक्तदाबाचे यंत्र एवढेच लागते, आणि या तिन्ही गोष्टी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आहेत. तरीही आमच्या केंद्रात ही गोळी वर्षातून कित्येक महिने नसते, आणि असली तरी ‘मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी आणा’ असे उत्तर मिळते. ही गोळी एकाएकी बंद केली तर दाब पुन्हा उसळतो. दीरांच्या गोळ्या पंधराव्या दिवशी संपल्या होत्या.

चौथी तक्रार योजनेच्या खिडकीवरची आहे. बँड लावले तर ते योजनेत बसते. दुर्बीण घालून पाहिले आणि शिरा बसलेल्या निघाल्या, म्हणजे उपचार यशस्वी झाला, तर ती तपासणी योजनेत बसत नाही, असे आम्हाला दोनदा सांगण्यात आले आणि पैसे भरावे लागले. ज्याच्या हाती रोजची मजुरी आहे तो माणूस हे एकदा ऐकतो आणि पुन्हा येत नाही.

पाचवी तक्रार लिहिताना मला अवघड वाटते, पण ती लिहायलाच हवी. सात वर्षांत ह्यांना किती जणांनी, किती लोकांच्या देखत, ‘रोज किती घेता?’ असे विचारले याची गणती नाही. प्रश्न विचारावाच लागतो हे मान्य आहे, पण तो रांगेत, मोठ्याने आणि निकाल देऊन टाकल्याच्या सुरात विचारला जातो. त्यात दारू न पिणाऱ्याचा अपमान होतो, एवढेच माझे म्हणणे नाही. जे पितात किंवा पीत होते, ते त्या प्रश्नाला घाबरून तारखा चुकवतात. बाकावर माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ, ट्रकचालक होते, सलग दोन वेळा आले नाहीत. तिसऱ्यांदा बाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटले, तेव्हा म्हणाले, ‘वहिनी, सोडली आहे हो मी, पण कोणी खरं धरत नाही.’ दारू सुटली तर यकृत सावरू शकते आणि आयुष्य वाढते, हे आपल्यालाच आम्हाला सांगायचे आहे. असा माणूस आपल्या दारातून शरमेने परत जाता कामा नये.

लहान मुलांबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्या मंगळवारी परत गेलेल्यांत एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिचे यकृत उत्तम आहे, पण यकृताकडे जाणारी मोठी शीरच तान्हेपणी गुठळी होऊन बंद पडली आहे. आपल्या देशात मुलांच्या रक्ताच्या उलटीमागे हे एक प्रमुख कारण आहे. तिची पाणथरी इतकी वाढली आहे की फ्रॉकवरूनही पोटाचा उंचवटा दिसतो, आणि पोटाला मार लागू नये म्हणून शाळेत तिला मैदानावर जाऊ देत नाहीत. मी शिक्षिका असल्यामुळे मला तेच सर्वांत जास्त लागले. या मुलांचे यकृत काम करत असते, त्यामुळे रक्तस्राव रोखला तर ती मोठी होतात, शिकतात, संसार करतात. त्यांचे दीर्घकालीन भवितव्य सिरॉसिसच्या रुग्णांपेक्षा पुष्कळ चांगले असते. मात्र त्यांच्याकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते : अन्ननलिकेतील शिरा बसल्या की जठरात फुगू शकतात, वाढ खुंटू शकते, पित्तनलिकांवर दाब येऊ शकतो. काहींना रक्ताला नवी वाट करून देणारी शंट शस्त्रक्रिया लागू पडते आणि मग वारंवार दुर्बिणीची गरज राहत नाही. त्या मुलीच्या आईला मी या शस्त्रक्रियेबद्दल विचारले, तर चार वर्षांत तिने हा शब्दच ऐकलेला नव्हता.

आणि शेवटची तक्रार, जी मला सर्वांत गंभीर वाटते : आपण मोजत नाही. आपल्या रुग्णालयात गेल्या वर्षी किती एंडोस्कोपी झाल्या आणि किती बँड लावले, हा आकडा फलकावर आहे, मी तो पाहिला आहे. पण ज्यांना बँड लावले त्यांतले किती दुसऱ्या बैठकीला आले, कितींच्या शिरा पूर्ण बसल्या, कितींना पुन्हा रक्तस्राव झाला, वर्षानंतर किती हयात होते आणि पाच वर्षांनंतर किती, हे कोणत्याही फलकावर नाही. माझे दीर ज्या रुग्णालयातून घरी आले, तिथल्या वहीत ते आजही बरे होऊन घरी गेलेले रुग्ण आहेत. ते वारले हे त्या रुग्णालयाला कोणी कळवले नाही आणि तिथून कोणी विचारलेही नाही. शाळेत एक मूल आठ दिवस आले नाही तर आम्हाला त्याच्या घरी जावे लागत असे आणि का आले नाही ते हजेरीपटावर लिहावे लागत असे. रुग्णालयाने तेवढे तरी करावे, ही अपेक्षा फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

हे पत्र कोणा डॉक्टरांविरुद्ध किंवा परिचारिकांविरुद्ध नाही. त्या तरुण डॉक्टरांनी कार्डामागे लिहिलेल्या पाच तारखांमुळे माझे कुंकू राहिले. एका भल्या माणसाने स्वतःहून जे केले ते नियम म्हणून सर्वांसाठी व्हावे, एवढेच मला मागायचे आहे.

तो कागद काढून घ्यावा आणि एंडोस्कोपीच्या प्रत्येक दिवशी निदान तीन-चार जागा फेरतपासणीसाठी राखून ठेवाव्यात. तातडीचा रुग्ण आल्यामुळे एखादी तारीख हुकली, तर नवी तारीख त्याच दिवशी लेखी द्यावी. यंत्र बंद असेल तर रुग्णाला फोनवर कळवावे, म्हणजे माणसे रात्रभर उपाशी राहून प्रवास करणार नाहीत. दुसरे यंत्र आणि दुसरे प्रशिक्षित डॉक्टर मिळेपर्यंत जवळच्या कोणत्या शासकीय रुग्णालयात ही सोय आहे, ते कक्षाबाहेर लिहावे.

शिरांवर बँड लावलेल्या कोणत्याही रुग्णाच्या कार्डावर ‘एसओएस’ हा शब्द लिहू नये. तिथे पुढची तारीख असावी आणि मराठीत एवढे तरी असावे : कोणती गोळी, किती दिवस, ती स्वतःहून बंद करू नये, पहिले काही दिवस मऊ व थंड अन्न घ्यावे, काळी शौच, रक्ताची उलटी, चक्कर किंवा भ्रम दिसल्यास क्षणभरही न थांबता निघावे, आणि डॉक्टरांना न विचारता अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत.

प्रत्येक रुग्णाची नोंदवही ठेवावी. तारीख चुकली तर आठवड्याच्या आत फोन जावा, फोन लागला नाही तर त्या गावच्या आशाताईंना निरोप जावा. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळावे, आणि नाडी व रक्तदाब तिथेच तपासला जावा. हिपॅटायटिस बी आणि सी वरील मोफत औषधांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2018 पासून आहे. त्याची माहिती शिरांच्या प्रत्येक रुग्णाला मिळावी आणि बी असलेल्याच्या घरातील सर्वांची रक्ततपासणी व लसीकरण व्हावे. आमच्या घरी ती तपासणी 2018 मध्येच झाली असती, तर दीरांना तीन वर्षे आधी उपचार सुरू झाले असते. टेनोफोविर पाच वर्षे घेतलेल्या हिपॅटायटिस बीच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2013 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या 96 पैकी 71 जणांच्या यकृताच्या तुकड्यात सिरॉसिस उरलेला नव्हता.

योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती की पहिल्या बँडिंगपासून शिरा नाहीशा होईपर्यंतचा आणि त्यानंतरच्या फेरतपासण्यांचा खर्च एकच उपचार धरून मंजूर व्हावा. मुलांसाठी महिन्यातून एक दिवस बालरोगतज्ज्ञ, पोटविकारतज्ज्ञ आणि शल्यविशारद एकत्र बसतील असा बाह्यरुग्ण विभाग विभागातील एका तरी रुग्णालयात सुरू व्हावा. आणि दरवर्षी मार्चअखेर मी वर विचारलेले पाच आकडे, नावे न देता, प्रसिद्ध करावेत. ते वाईट निघाले तरी चालतील.

या पत्राला 30 दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ही तपासणी चुकल्यामुळे माझ्या पतींच्या शेवटच्या दुर्बिणीला आता 13 महिने झाले आहेत. येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही पहाटे पावणेचारच्या गाडीने पुन्हा निघणार आहोत. ह्यांनी आदल्या रात्री आठनंतर काही खायचे की नाही, एवढे तरी त्याआधी कळवावे.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची पत्नी आणि एका रुग्णाची वहिनी